हातपंख्यावर चाललेला कॉम्प्युटर

“पटणार नाही तुम्हाला. आजवर कोणालाच पटलेलं नाही. पण भर मे महिन्यात एक कॉम्प्युटर मी हातपंख्याने वारा घालून चालवलाय. बुरडाच्या हातचा, बांबूच्या कामट्यांचा पंखा. इकडे हात थांबला की तिकडे मशीन बंद.”

मी एवढं बोललो आणि लोनारेने चहाचं पातेलं खाली उतरवून ठेवलं. माझी गोष्ट सुरू झाली की त्याचा चहा उतू जातो, असा त्याचा अनुभव आहे.

“झालं चालू,” बाळा निखाडे म्हणाला. “मागच्या हप्त्यात काकानं मांजराच्या मिशीनं प्रिंटर सुधरवला होता.”

“मिशीनं नाही, शेपटीनं,” झाडे गुरुजी म्हणाले. गुरुजी शाळेतून निवृत्त झाले तरी चुका मोजायची सवय गेलेली नाही. मी बोलायला लागलो की ते उजव्या हाताची मूठ मांडीवर ठेवतात आणि प्रत्येक थापेला एकेक बोट उघडतात. मूठ पूर्ण उघडली की चहा माझ्याकडून.

भद्रावतीच्या बसस्टँडला लागून ही टपरी. आधी रेडिओ, मग टीव्ही, मग कॉम्प्युटर, असं लोकांचं जे जे बिघडेल ते मी सुधरवत आलो. दुकान बंद केल्यापासून माझी सकाळ लोनारेच्या बाकावर जाते. त्या दिवशी बाकाच्या टोकाला एक परका माणूसही बसला होता. चाळिशी ओलांडलेला, अंगाने भरलेला, पायाशी चाकाची मोठी बॅग. डोक्यावर टोपी होती, पण टोपीखालून कानाच्या वरचं नुकतं केलेलं मुंडन दिसत होतं. घरात कोणी गेलं असणार. नागपूरच्या गाडीला वेळ होता म्हणून चहा घेत होता. मी त्याला ओळखलं होतं की नव्हतं, ते राहू द्या.

“साल विचारू नका,” मी म्हणालो. “त्या वर्षी ऊन असं होतं, की चिमणीनं घातलेलं अंडं उकडलेलंच निघायचं.”

गुरुजींचं एक बोट उघडलं.

“त्या उन्हात एक बाई माझ्या दुकानाच्या पायरीशी येऊन उभी राहिली. डोक्यावरून ओला पदर, पायात पुरुषाची चप्पल. गवराळ्याकडून चालत आली होती. पाणी दिलं तर घेतलं नाही. म्हणाली, ‘तुमी कम्प्यूटर पाह्यता का?’”

ती गिरजाबाई गौरकार. तिचा नवरा मारोतराव कोळशाच्या खाणीत होता. जमिनीखाली आयुष्य काढलं आणि वर आला तेव्हा छातीत खाण घेऊन आला. चार पावलं चालला की भिंत धरायचा. त्या उन्हाळ्यात तर त्याला दवाखान्यातून घरी पाठवलं होतं. घरी का पाठवतात ते सगळ्यांना कळतं, त्यालाही कळलं होतं.

“काय होते मशीनला?” मी विचारलं.

“चालू होते अन् बंद पडते. दोघं पाहून गेले. एकानं मागचा करंटचा डबा बदलवला. दुसऱ्यानं आतलं सगळं पुसून नवं टाकलं. म्हणे मशीनले गरमी होते, थंड्या हवेत ठेवत जा. तरी बंद पडते. आज दुपारी पोराचा फोन हाय. तोंड दिसते तो फोन.”

“आजच्या आज जमेल असं नाही. पुढच्या शुक्रवारी...”

“पुढचा शुक्रवार,” गिरजाबाई म्हणाली आणि थांबली. मग पदर नीट करत म्हणाली, “डॉक्टरनं पुढच्या शुक्रवारचं काही सांगितलं नाई.”

मी पिशवी उचलली.

सायकलवर मागे बसून तिने रस्ताभर मला सांगितलं. पोरगा आखातात जहाजं बांधायच्या यार्डात वेल्डिंग करतो. नाव काही का असेना, आपण प्रफुल म्हणू. बाप घरी आलाय हे कळल्यावर त्याने सुट्टी मागितली. मुकादम म्हणाला, जहाज पाण्यात उतरेपर्यंत कोणी हलायचं नाही. पासपोर्ट मालकाच्या कपाटात. पोराला शुक्रवारची तेवढी सुट्टी, म्हणून दर शुक्रवारी तो एका दोस्ताच्या खोलीवरून घरी बोलायचा. कॉम्प्युटर त्यानेच जाण्याआधी घेऊन दिलेला.

“पण बोलणं होतच नाई,” गिरजाबाई म्हणाली. “त्याचं तोंड येते, तो म्हणते ‘बाबा’, अन् मशीन बंद. मागच्या तीन-चार खेपेला हेच. अन् याइचं तुमाले सांगू? हे पोराशी कधी बोललेच नाईत. पोरगा गेला तवा स्टँडवरबी आले नाईत. काही इचारलं तर हूं, नाही तर अंहं. आज सकाळी स्वतःच म्हणाले, आज मले त्याच्याशी बोलाचं हाय. एक गोष्ट इचाराची हाय, म्हणे. म्हणून मी आली. नाई तर मी तुमच्यासारख्या मोठ्या माणसाच्या दुकानात कायले येते?”

“मोठा माणूस!” बाळा निखाडे हसला. “काका, हे बाईनं म्हटलं की तुम्ही घुसवलं?”

गुरुजींनी जरा विचार केला आणि अर्धं बोट उघडलं.

घर दोन खोल्यांचं, वर पत्रे. आत शिरलो तर भट्टीत शिरल्यासारखं वाटलं. पश्चिमेच्या भिंतीला खाट, खाटेवर मारोतराव. एकेकाळी आडवातिडवा गडी असणार. आता खांद्यांचा सांगाडा उरला होता आणि त्यावर ओला दुपट्टा. प्रत्येक श्वास तो खालून ओढून आणत होता. वर छताचा पंखा फिरत होता आणि पत्र्याची गरमी खाली ढकलत होता. समोरच्या भिंतीला टेबलावर कॉम्प्युटर. लोखंडी कूलर होता, पण बंद. तो स्वयंपाकाच्या खोलीच्या दारात तोंड फिरवून उभा होता. असेल बिघडलेला, म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही.

“हे टेंभुर्णे,” गिरजाबाई म्हणाली. “पाह्यतात म्हणे.”

मारोतरावांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. “तिसरा,” ते म्हणाले.

मी मशीन चालू केलं. बरोबर उठलं. चित्र आलं, खालची पट्टी आली, मी खुर्चीवर बसलो न बसलो तोच फट् करून काळं. पुन्हा चालू केलं, तर चित्र यायच्या आधीच बंद. तिसऱ्यांदा तर उठलंच नाही. मी हात मागे घेतला आणि बसून राहिलो.

“का हो, काही करत नाई?” गिरजाबाई कुजबुजली.

“तेच करतोय. थंड होऊ द्या. जे मशीन थंड असताना जास्त चालतं आणि गरम असताना कमी, त्याला करंटचा आजार नसतो. त्याला ताप असतो. आतला मेंदू तापतो आणि जळू नये म्हणून स्वतःच झोपतो.”

थोड्या वेळाने पुन्हा चालू केलं आणि लगेच एक बटण दाबून त्याच्या निळ्या पानावर गेलो. त्या पानावर प्रोसेसर किती तापलाय त्याचा आकडा असतो. आकडा जिन्यावरून पोर पळावं तसा वर चढत होता.

“किती हाय?” खाटेवरून आवाज आला.

“काय?”

“ताप. त्याचा.”

“ऐंशीच्या वर गेला.”

मारोतरावांनी श्वास गोळा केला. “माहा जास्त हाय,” ते म्हणाले. “सकाळी एकशे दोन होता.”

मला हसू आलं, गिरजाबाईला आलं नाही. मशीन पुन्हा झोपलं.

मी वायरी काढल्या, डबा टेबलावरून खाली फरशीवर घेऊन आडवा केला, बाजूचं पत्र्याचं पान उघडलं. आता तुम्हाला म्हणून सांगतो, प्रोसेसर हा बोटाच्या पेरात मावेल एवढा तुकडा. त्याच्या डोक्यावर ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांचा एक ठोकळा बसवलेला असतो आणि त्यावर छोटा पंखा. गरमी त्या तुकड्यातून पात्यांत जाते आणि पंखा ती उडवून लावतो. गोष्ट एवढीच आहे. कोणाच्याही घरचं मशीन उघडा, पात्यांत धूळ असतेच. घरची धूळ करडी असते, मऊ असते, कानातल्या कापसासारखी निघते.

ही तशी नव्हती. पंखा काढला तर पात्यांच्या फटीच दिसेनात. पिवळ्या, वळलेल्या बारीक काड्या आत घट्ट बसल्या होत्या आणि त्यांच्यावर पांढरा चुरचुरीत थर, चुन्याच्या निवळीचा असतो तसा. नखाने खरवडला, जिभेला लावला. खारट.

“जिभेला लावला!” लोनारे म्हणाला.

“तोंडात घातल्याशिवाय कळत नाही. डॉक्टर लोक आजकाल करत नाहीत म्हणून निदान चुकतं.”

गुरुजींचं बोट हललं, पण पूर्ण उघडलं नाही. परक्या माणसाने चहाचा रिकामा कप बाकावर ठेवला. तो माझ्याकडे पाहत नव्हता. समोर, स्टँडच्या भिंतीकडे पाहत होता.

पिवळ्या काड्या कूलरच्या ताटीतल्या गवताच्या. पांढरा थर बोअरच्या खाऱ्या पाण्याचा. कूलरच्या तोंडाशी जे जे उडतं ते सगळं त्या पात्यांत येऊन सुकलं होतं. म्हणजे हे मशीन कूलरच्या वाऱ्यात बसवलेलं होतं, तेही बाजूने जाता-येता लागणाऱ्या वाऱ्यात नाही. थेट तोंडासमोर.

मी खाली पाहिलं. फरशीवर कूलरच्या चार पायांचे गंजाचे ठसे असतात ना, तसे दोन ठिकाणी होते. एक चौकोन खाटेजवळ, जुना, काळपट, फरशीत मुरलेला. दुसरा टेबलापासून हातभर अंतरावर, तांबडा, ताजा. आणि दुसऱ्या चौकोनाच्या पुढे टेबलाकडे सरकत गेलेले ओरखडे.

मी खाटेकडे पाहिलं. मारोतराव माझ्याकडेच पाहत होते. त्यांनी डोळे मिटून घेतले.

दात घासायचा जुना ब्रश मागायच्या निमित्ताने मी स्वयंपाकाच्या खोलीत गेलो. गिरजाबाई कूलरला पाठ लावून उभी होती. जणू मी तो पाहिलाच नव्हता.

“हा बिघडलेला आहे?” मी विचारलं.

“नाई.”

“मग बंद का?”

तिने आधी बाहेरच्या खाटेकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, “तुमी येनार म्हणून सरकवला. लोक काय म्हणतील, बिमार माणसाले उन्हात टाकलं अन् मशीनले हवा देऊन राह्यले.”

“कोणी वळवला?”

“तो दुसरा मानूस म्हणून गेला ना, मशीनले गरमी होते म्हणून. त्याच दिवशी याइनं मले कूलर तिकडं फिरवाले लावला. मी म्हटलं, तुमाले श्वास येत नाई, तुमाले हवा पाह्यजे. म्हणे, मले काय करते हवा, पोरगं बंद पडते तिकडं.” तिने डोळे पुसले नाहीत, तसेच वाहू दिले. “हे झोपले का मी रोज याइच्याकडं फिरवते. जागे झाले का शिव्या देतात. अन् कूलर फिरवला तरी मशीन बंदच पडे. पह्यल्यापेक्षा लवकर बंद पडे. मंग म्हणाले, अजून जवळ सरकव. अजून जवळ. जवळ नेता नेता टेबलाले टेकवला.”

 गुरुजींची मूठ तशीच होती.

मी बाहेर आलो, खाली मांडी घातली आणि कामाला लागलो. ब्रशने एकेक फट मोकळी केली. काड्या सुईने ओढून काढल्या. ठोकळ्याचे चार पाय असतात, ते मदरबोर्डात खटकन बसतात. त्यातला एक निसटून वर आला होता. ठोकळा तिरका बसला होता आणि मधली पेस्ट वाळून तिचे पापुद्रे झाले होते. गरमीला वर यायला वाटच नव्हती. मी सगळं स्पिरिटने पुसलं. माझ्याकडे नवीन पेस्टची एकच नळी, तीही जवळजवळ वाळलेली. ती काखेत धरून बसलो, मऊ झाल्यावर पिळली, मोहरीच्या दाण्याएवढी निघाली. तेवढीच पुरते. जास्त लावणारे अनाडी. चारही पाय दाबून बसवले. पंख्याचा कणा आखडला होता, त्याला गिरजाबाईच्या शिलाई मशीनचं तेल एक थेंब पाजलं. फिरला, पण म्हाताऱ्या बैलासारखा.

खाटेवरून सगळं पाहणं चालू होतं.

“काय निघालं?” मारोतरावांनी विचारलं.

मी ब्रश झटकत राहिलो. पण माझ्यासमोर वर्तमानपत्रावर त्या पिवळ्या काड्यांचा ढीग पडला होता. तो माणूस जन्मभर हवेच्या रस्त्यात काय अडकतं ते पाहत आला होता. त्याला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्याने ढिगाकडे पाहिलं, मग दारातल्या कूलरकडे पाहिलं, मग पुन्हा ढिगाकडे.

“म्हंजे मीच बंद पाडत होतो,” तो म्हणाला.

“नाही, नाही. पंखाच हलका होता. माल खराब. मागचेही दोघे घाई करून गेले.”

“टेंभुर्णे.”

“हं?”

“पोराले सांगू नका.” मग बायकोकडे वळून, “तूबी नको सांगू. कधीच.”

गिरजाबाईने मान हलवली. मी कूलर दारातून ओढत खाटेजवळ आणला आणि जुन्या काळ्या चौकोनावर बरोबर बसवला. चालू केला. वारा मारोतरावांच्या छातीवर गेला तसे त्यांचे ओठ जरा उघडले. किती दिवसांनी तो वारा त्यांना जागेपणी मिळत होता कोण जाणे. पण तो लोखंडी कूलर, चालू असला की घरात ट्रॅक्टर उभा असल्यासारखा आवाज. मारोतरावांचा आवाज म्हणजे नुसता श्वास. तो त्या घरघरीत पोराच्या कानापर्यंत गेलाच नसता.

फोनची वेळ झाली. मारोतरावांनी स्वतःच हात लांबवून कूलरचं बटण बंद केलं.

“आणि इथं,” मी म्हणालो, “तो पंखा येतो.”

“टेबल फॅन नव्हता का घरात?” बाळाने विचारलं, पण हळू आवाजात.

“होता. जळलेला. मीच मागच्या वर्षी सुधरवला होता.”

कोणी हसलं नाही. मी पुढे गेलो.

मशीनचं बाजूचं पान मी लावलंच नाही. उघड्या मशीनसमोर मांडी घालून बसलो आणि बांबूचा पंखा घेतला. आतला पंखा जेवढा कमी पडत होता तेवढा मी घालत होतो. गिरजाबाई दुसरा पंखा घेऊन खाटेजवळ. ती नवऱ्याला वारा घालतेय, मी मशीनला. दोन आजारी माणसं आणि दोन पंखे. स्क्रीनवर आकडा दिसत नव्हता, पण पात्यांना बोट लावलं की मला कळत होतं.

घंटी वाजली. चित्र आलं. पोराचा चेहरा उन्हाने काळा झालेला, कपाळावर हेल्मेटच्या पट्ट्याची पांढरी रेघ. मागे लोखंडी पलंग, दोरीवर कपडे.

“बाबा?” तो म्हणाला. आणि मग घाबरून थांबला, कारण दर खेपेला इथंच सगळं काळं व्हायचं.

काळं झालं नाही.

“बाबा, दिसता तुम्ही.”

मारोतरावांना गिरजाबाईने पाठीमागे उशी लावून उठवून बसवलं होतं. ते पाहत होते, नुसते पाहत होते. पोरगा बोलत होता, तब्येत, औषध, सुट्टी, मुकादम, पुढच्या महिन्यात नक्की. घामाच्या धारा त्यांच्या गळ्यावरून खाली येत होत्या. गिरजाबाई जोरजोरात वारा घालत होती. त्यांनी तिचं मनगट धरलं. हाताने टेबलाकडे दाखवलं.

“माह्याकडं नको,” ते म्हणाले. “तिकडं घाल.”

ती उठली. माझ्याशेजारी येऊन बसली आणि दोघांनी मिळून त्या मशीनला वारा घातला. खाटेवर तो माणूस पत्र्याखाली, एका गार झुळुकीशिवाय. पोराला हे दिसत नव्हतं. आम्ही दोघं टेबलाच्या खाली होतो, कॅमेऱ्याच्या नजरेबाहेर. त्याला फक्त बाप दिसत होता.

मग मारोतरावांनी हात वर केला. पोरगा गप्प झाला.

इथं मी जरा थांबलो. गोष्टीत अशी एक जागा असते जिथं वजन ठेवावं लागतं. लोनारेने स्टोव्ह बारीक केला. नागपूरची गाडी फलाटाला लागत होती आणि कंडक्टर हाका मारत होता, पण बाकावरून कोणी उठलं नाही.

“मारोतराव बोलले,” मी म्हणालो. “आयुष्यात कधी बोलले नव्हते ते बोलले. म्हणाले, ‘प्रफुल, तू गेला तवा मी स्टँडवर आलो नाई. माहा राग नव्हता. मी आलो असतो तर तू गेला नसता, म्हणून आलो नाई. मी जन्मभर जमिनीच्या पोटात गेलो. माह्या पोरानं पाण्यावर तरंगनाऱ्या जहाजाले जोड द्यावा, याच्यापेक्षा मले काय पाह्यजे? तू आला नाई म्हणून मनाले लावून घेऊ नको. मी तुले पाह्यलं. माहं पोट भरलं.’ असं म्हणाले. आणि दोन्ही हात जोडून नाही, वर करून, असा आशीर्वाद दिला. पोरगा तिकडे रडत होता. बायको इकडे रडत होती. मी वारा घालत होतो आणि पात्यांवर माझ्या डोळ्यातलं पाणी पडू नये म्हणून मान मागे धरून बसलो होतो. मशीन बंद पडलं नाही. शेवटपर्यंत नाही. पुढचा शुक्रवार मारोतरावांना दिसला नाही.”

बाळा निखाडेने तोंड फिरवलं. लोनारे फडक्याने कप पुसत राहिला, कोरडाच कप. मी गुरुजींच्या हाताकडे पाहिलं. एकही नवं बोट उघडलं नव्हतं. गुरुजींनीही डोळे पुसले होते.

“खोटं आहे,” बाकाच्या टोकाचा माणूस म्हणाला.

आम्ही सगळे वळलो. त्याने टोपी काढून हातात घेतली होती. मुंडन केलेल्या डोक्यावर ऊन पडलं होतं.

“काका, असं काही बोलले नाहीत ते,” तो म्हणाला. “आवाज येत होता मला. स्वच्छ येत होता. तुम्ही टेबलाखाली होतात, मी समोर होतो. बाबांनी हात वर केला, ते खरं. मग किती तरी वेळ श्वास गोळा करत राहिले. मी कान लावून बसलो होतो. वाटलं, आता बोलतील. आणि एकच गोष्ट विचारली. म्हणाले, ‘तुह्या खोलीत कूलर हाय का रे?’”

गाडी सुटायची घंटी झाली. तो उठला नाही.

“मला हसू आलं. म्हटलं, बाबा, इथं सगळीकडे एसी असतो. ‘मंग बरं हाय,’ म्हणाले, आणि डोळे मिटले. तेवढंच. आई पंधरवड्यापूर्वी गेली, तिनेही त्या कूलरचं कधी सांगितलं नाही. इतकी वर्षं मी लोकांना सांगत आलो, की माझ्या बापाला शेवटच्या घडीलाही माझ्याशी बोलायला कूलरशिवाय काही सुचलं नाही.”